आधी कॅसेट, मग केज

मागचा डिरेलर, म्हणजे दुकानातल्या बोलीत आरडी, हा सायकलचा सगळ्यात बाहेर लोंबणारा आणि सगळ्यात कमी समजून घेतलेला भाग आहे. त्याच्या खाली दोन पुल्या धरणारी पट्ट्यांची जी जोडी असते, तिला केज म्हणतात. ती शॉर्ट घ्यायची, मिडियम की लाँग, यावर घाटात सायकल चालवणाऱ्यांचे दोन तट आहेत. एक तट म्हणतो, केज जितकी आखूड तितका गिअर चोख. दुसरा म्हणतो, लांब घ्या आणि निश्चिंत व्हा. दोन्हीकडची माणसं नेहमी सायकलवर असतात आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून हा वाद मी इथे एका मामाच्या आणि एका भाचीच्या तोंडी दिला आहे. मामाचं पुण्यात दुरुस्तीचं दुकान आहे. भाची शर्यतींत उतरते आणि यंदा बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सफरी, करायच्या म्हणते. तिच्या सायकलवर शिमानोच्या १०५ चा आर७००० हा ११ स्पीडचा संच आहे: पुढे ५०-३४ दातांच्या चेनरिंग, मागे ११-२८ दातांची कॅसेट, आरडी शॉर्ट केजची.

भाची: मामा, मला फक्त कॅसेट बदलून दे. ११-३४ घालायची आहे. आरडीला हात लावू नकोस, ती नवीकोरी आहे.

मामा: ३४ कशाला हवी?

भाची: पसरणीचा घाट. वाई सोडली की थोड्याच वेळात ३४-२८ वर पाय जड होतात. शर्यतीत तेवढाच चढ असतो, तेव्हा दामटता येतं. बीआरएमला मात्र वाईपर्यंतच पुष्कळ अंतर झालेलं असतं आणि त्याहून जास्त पुढे उरलेलं असतं.

मामा: बरोबर आहे तुझं. ताशी ७ किलोमीटरने चढतेस असं धरू. ७०० च्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. ३४-२८ वर पायाचे मिनिटाला ४६ फेरे होतात, ३४-३४ वर ५६. वरचे दहा फेरे गुडघा वाचवतात. कॅसेट घ्यायचीच. आता आरडीकडे ये. पुढच्या दोन चेनरिंगमध्ये किती दातांचा फरक?

भाची: १६.

मामा: कॅसेटच्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान कॉगमध्ये?

भाची: ३४ वजा ११, म्हणजे २३.

मामा: बेरीज ३९. तुझ्या शॉर्ट केजची क्षमता शिमानोने ३५ दिली आहे. ११-२८ होती तेव्हा बेरीज ३३ येत होती, म्हणून निभावत होतं. ११-३० घातलीस तर बरोबर ३५. त्याच्या पुढे ही केज नाही. मिडियमची, म्हणजे जीएस लिहिलेलीची, क्षमता ३९ आहे. तुझ्या नव्या कॅसेटला अगदी नेमकी.

३९ हा आकडा डोळ्यांपुढे आणायला हवा, नाहीतर तो कागदावरचा नियम वाटतो. चेनची एक कडी अर्ध्या इंचाची, १२.७ मिलिमीटरची. कॉग असो की चेनरिंग, चेन साधारण निम्म्याच दातांवर बसलेली असते. त्यामुळे ५०-३४ या मोठ्या-मोठ्या जोडीवरून ३४-११ या लहान-लहान जोडीवर आलं, की ३९ च्या निम्म्या, म्हणजे साडेएकोणीस कड्यांइतकी चेन मोकळी होते. जवळजवळ पाव मीटर. ती कुठेतरी साठवायची आणि मोठ्यावर गेलं की परत द्यायची, हे केजचं काम. खालची पुली मागे जाते तेव्हा चेन साठते, पुढे ओढली जाते तेव्हा सुटते. पट्टी आखूड असली की साठवायला जागा कमी. केज लांब करण्यामागे एवढंच कारण आहे, बाकीचे सगळे गुणदोष त्याच्या मागून येतात.

मामा: ये, स्टँडवर बघ. ही एका गिऱ्हाइकाची. कॅसेट ११-३४, चेन ५०-३४ ला पुरेल एवढी लांब, आणि आरडी तुझ्यासारखीच शॉर्ट. आता ३४-११ वर टाकतो. खालची पुली कुठे गेली?

भाची: पार मागे आणि वर.

मामा: आणि चेन?

भाची: खाली झोळ पडलाय. वरच्या पुलीजवळ चेन चेनलाच घासतेय.

मामा: पॅडल उलटं फिरव.

भाची: उतरली.

मामा: आता हीच चेन ५०-३४ वर नेतो. पट्टी पुढे ताणली गेली, पण ताण बेताचा आहे. म्हणजे चेनच्या मापात चूक नाही. एवढी चेन सांभाळणं या केजला झेपत नाही, इतकंच.

भाची: पण मामा, ३४-११ वर जातं कोण? लहान चेनरिंगवर असताना मी शेवटचे तीन कॉग वापरतच नाही. चेन तिरकी जाते, आवाज करते, आणि तोच गिअर ५० वर सरळ मिळतो. जी जोडी मी कधी वापरणार नाही, तिच्यासाठी आरडी का बदलू? चेन मोठ्या-मोठ्याला पुरेल एवढी लांब ठेव, लहान-लहानला झोळ पडू दे. मी तिकडे जाणार नाही.

हा युक्तिवाद कच्चा नाही. तीन चेनरिंगच्या सायकली घेऊन लांबच्या सफरी करणाऱ्यांनी तो वर्षानुवर्षं वापरला आहे, आणि त्यात धोक्याची बाजू अचूक ओळखलेली आहे. लहान-लहानवर चेन सैल पडली तर ती घासते, उतरते, वेळ जातो. मोठ्या-मोठ्यावर चेन अपुरी पडली तर केज पुढे ताठ होते, आरडी फ्रेमला जिथे अडकते तो हँगर वाकतो, आरडी उपटून स्पोकमध्ये जाते आणि सायकल तिथेच थांबते. दोन्हींपैकी एक सोडायचीच झाली तर लहान-लहान सोडावी. इथपर्यंत भाची बरोबर आहे.

मामा: तू ताजी असताना जाणार नाहीस. ३०० किलोमीटरच्या बीआरएमला वेळ असतो २० तास, ६०० ला ४०. रात्री दोन वाजता, अंगात थंडी, डोळ्यांवर झोप, दिवा पुढच्या रस्त्यावर. मागे कोणत्या कॉगवर चेन आहे ते दिसतं तरी का? घाट संपतो, उतार लागतो, पाय मोकळे सुटतात म्हणून बोट आपोआप एकेक गिअर खाली टाकत जातो. पुढे ३४ च आहे हे लक्षात यायच्या आत तू ११ वर असतेस. आणि तिथे चेन उतरली, तर उतारावर, अंधारात, काळे हात घेऊन बसशील.

भाची: मग सवय लावीन.

मामा: सवय दिवसा लागते गं.

मी या मुद्द्यावर मामाच्या बाजूचा आहे. क्षमतेचा आकडा ही थकलेल्या माणसासाठी केलेली तजवीज आहे. शर्यतीची सायकल कमालीच्या जागरूक माणसाच्या हाती असते, दोन-तीन तास. बीआरएमची सायकल त्याच माणसाच्या हाती असते, पण पंधराव्या तासाला तो माणूस तोच राहिलेला नसतो. त्याने कुठलीही लिव्हर दाबली तरी चेन जागेवर राहिली पाहिजे. दुकानात उजेडात बसून घेतलेला निर्णय त्या वेळी त्याला सांभाळून घेतो, आणि तो निर्णय चार दातांच्या काटकसरीवर सोडू नये असं मला ठामपणे वाटतं.

भाची: बरं, ११-३२ घालते. बेरीज ३७. दोनच दात जास्त. आमच्यातले कितीतरी जण शॉर्ट केजवर ३२ चालवतात.

मामा: चालते, मीही बसवून दिली आहे. कंपनी आकडा देताना हातचं राखून देते, आणि हँगरच्या लांबीत फ्रेमगणिक थोडा फरक असतो. पण तू दोन वेगळ्या मर्यादा एकात घालतेस. क्षमता ही एक. सगळ्यात मोठा कॉग ही दुसरी. तुझ्या शॉर्टला मोठा कॉग ३० पर्यंतच सांगितला आहे, मिडियमला ३४. ही स्टँडवरची ऐक, ३४ च्या कॉगवर घरघर येते की नाही? पुलीला कॉगपासून लांब ठेवणारा बी-स्क्रू शेवटपर्यंत आवळलेला आहे, तरी वरची पुली कॉगला घसटतेय. झोळाशी याचा संबंध नाही.

भाची: त्यासाठी हँगरला जोडायची ती पट्टी मिळते ना? आरडी खाली आणणारी.

मामा: मिळते. आरडी खाली येते, वरची पुली ३४ पासून सुटते. चेन साठवायची जागा एका दाताचीही वाढत नाही, आणि लहान कॉगपासून पुली आणखी लांब जाते. एक दुखणं गेलं, दुसरं तसंच राहिलं.

ही गल्लत फार जणांची होते, आणि एकेरी चेनरिंगच्या सायकली आल्यापासून तिचे परिणाम जास्त दिसतात. पुढे एकच चेनरिंग असेल तर पुढचा फरक शून्य. मागे ११-४२ घातली तरी बेरीज ३१ च होते, भाचीच्या शॉर्ट केजच्या क्षमतेपेक्षा कमी. म्हणून ती केज ४२ च्या कॉगवर चालेल असं नाही, ती त्या कॉगखाली बसणारच नाही. उलट कॉलेजच्या मुलांच्या गिअरच्या सायकली बघा: पुढे ४२-३४-२४, मागे १४-२८. बेरीज ३२. कॉग मोठा नाही, पण पुढचा फरकच १८ चा. दोन्ही आकडे वेगवेगळे तपासायचे, आणि दोन्हींत बसेल तीच आरडी घ्यायची.

भाची: आता माझं ऐक. तू सांगतोस ते सगळं बसण्या-न बसण्याबद्दल आहे. चालण्याबद्दल नाही. शॉर्ट केजवर गिअर कसा पडतो ते मला पायात कळतं. मिडियमवर मैत्रिणीची सायकल चालवली, गिअर पडायला एक क्षण जास्त लागला.

मामा: तिची कॅसेट कोणती होती?

भाची: ११-२५. तिला चढ आवडत नाहीत.

मामा: मग ते केजच्या लांबीमुळे झालं नाही. चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर ढकलते कोण? वरची पुली. केज शॉर्ट असो, मिडियम असो, लांबी बदलते ती खालच्या पुलीपर्यंतची. गिअर चोख पडायला वरची पुली कॉगच्या जवळ हवी.

इथे थोडं मागे जावं लागतं. १९६४ मध्ये जपानच्या सनटूरने आरडीचा चौकट-सांधा तिरका केला. त्याआधी तो आडवा सरकत असे, त्यामुळे पुली मोठ्या कॉगच्या जवळ आणि लहान कॉगपासून दूर राही. तिरका केल्यावर पुली कॅसेटच्या उताराबरोबर खाली उतरू लागली आणि प्रत्येक कॉगपासूनचं अंतर जवळपास सारखं राहिलं. त्या पेटंटची मुदत १९८४ मध्ये संपली आणि बाकीच्या कंपन्यांनी ती रचना उचलली. क्लिक देऊन नेमका गिअर पडणारी आजची सगळी व्यवस्था त्या तिरकेपणावर उभी आहे. पण तिरकेपणा किती ठेवायचा, हे आरडी कोणत्या उताराच्या कॅसेटसाठी बनवली आहे त्यावर ठरतं. ३४ पर्यंतच्या कॅसेटसाठी बनवलेल्या आरडीखाली ११-२५ ची सपाट कॅसेट घातली, की पुली कॉगपासून दूर दूर राहते आणि चेनला तेवढा टप्पा मोकळा पार करावा लागतो. म्हणूनच शिमानो मोठ्या कॉगची खालची मर्यादाही छापते: आर७००० च्या मिडियमला किमान २८, शॉर्टला किमान २५. वरची मर्यादा सगळे वाचतात, खालची कुणी वाचत नाही. भाचीच्या पायाला जाणवलं ते खरंच होतं. मैत्रिणीने कॅसेटपेक्षा मोठी आरडी घेतली होती.

भाची: म्हणजे सरसकट लांब घ्या म्हणणारे चुकतात.

मामा: चुकतात. सपाटीवर ११-२५ ने शर्यत खेळणाऱ्याला मी मिडियम देणार नाही.

भाची: आणखी एक. केज लांब झाली की ओढ कमी पडते. स्प्रिंग तीच, दांडा लांब, मग टोकाशी जोर कमी. चेन जास्त, ओढ कमी. भोरकडच्या खडबडीत रस्त्यावर चेन चेनस्टेवर ताडताड आपटते, रंगाचे टवके उडतात. शॉर्टवर चेन आखूड आणि ताणलेली राहते. हे तरी मान्य कर.

मामा: मान्य. शॉर्टचा हा खरा फायदा आहे. वजनाचं कुणी सांगितलं तर सोडून दे, काही ग्रॅमचा फरक. पण ताण खरा. म्हणून तर म्हणतो, लागेल तेवढीच केज घ्यायची, एक माप जास्त घेऊन ठेवायची नाही. तुझ्या ३९ ला मिडियम पुरते, तर माउंटन बाइकची लाँग शोधत बसू नकोस.

भाची: आणि क्लच असलेली?

क्लचचा इथे उल्लेख हवाच. केजला पुढे झोकांडी खाऊ न देणारी घर्षणाची ही कळ आधी, २०११-१२ च्या सुमारास, माउंटन बाइकच्या आरडीत आली, आणि २०१९ च्या जीआरएक्स मालिकेतून वळणदार हँडलच्या सायकलींवर रुळली. ११ स्पीडच्या जीआरएक्सची दोन चेनरिंगसाठीची आरडी ३४ चा कॉग घेते आणि तिची क्षमता ४० आहे, आणि ती १०५ च्या ११ स्पीड लिव्हरबरोबर चालते. कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्याला मी तीच सुचवीन. भाचीचा रस्ता बहुतेक डांबरीच आहे आणि क्लचमुळे लिव्हर जरा जड लागते, म्हणून मामाने साधी मिडियम सांगितली. मला ते पटतं.

भाची: तरी एक गोष्ट उरते. शर्यतीला उभी राहिले की मुली आधी मागे बघतात. ३४ चा ताटाएवढा कॉग आणि खाली लोंबणारी केज दिसली की समजतात, हिला चढ झेपत नाही.

मामा: बघू देत.

भाची: तुला सोपं आहे.

मामाचं उत्तर दोन शब्दांत संपलं, पण हा मुद्दा मला दोन शब्दांत सोडवत नाही, कारण केजच्या निवडीत लाज हिशेबापेक्षा जास्त काम करते. ही लाज जुनी आहे. फ्रान्समध्ये सेंट-एटिएनचे पॉल द व्हिव्ही, ज्यांना सायकलजगत व्हेलोसिओ या नावाने ओळखतं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सांगत होते की चढाला वेगळा गिअर लागतो, त्यात कमीपणा नाही. टूर द फ्रान्सचे संस्थापक आन्री देग्रांज यांना मात्र गिअर हे वय झालेल्यांसाठी आहेत असं वाटे. त्यांच्या मते एकाच गिअरवर स्नायूंच्या जोरावर जिंकण्यात पुरुषार्थ होता. टूरमध्ये डिरेलरला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडावं लागलं. म्हणजे आल्प्स आणि पिरेनिजचे घाट पहिल्या दर्जाच्या खेळाडूंनी कित्येक वर्षं नाहक गुडघे झिजवून चढले. आज व्यावसायिक शर्यतींतसुद्धा उभ्या चढाच्या दिवशी मागे ३४ चा कॉग दिसतो. शिमानोने तर १२ स्पीडच्या रोडसंचांत शॉर्ट-मिडियमची निवडच काढून टाकली आणि एकच केज ठेवली. मोठ्या कॉगची लाज वाटावी असं कारण शर्यतीत उरलेलं नाही, आणि घाटात तर ते कधीच नव्हतं. पसरणी चढताना कोण कोणत्या कॉगवर आहे हे पाचगणीच्या टेबललँडला पोचल्यावर कुणी विचारत नाही.

भाची: ठीक. मिडियम लाव. पण शर्यतीचं चाक मी वेगळं ठेवणार, ११-२८ चं. त्या दिवशी पुन्हा शॉर्ट आरडी लावून देशील?

मामा: गरज नाही. मिडियमची खालची मर्यादा २८ च आहे, ती बसते. चाक बदल, बी-स्क्रू थोडा सैल कर म्हणजे पुली कॉगच्या जवळ येईल, आणि दोन गिअर टाकून बघ. शॉर्ट आरडी विकून टाक, अर्धे पैसे सुटतील.

भाची: आणि चेन? २८ ला ही लांब चेन झोळ नाही का देणार?

मामा: नाही. लहान-लहान कशाला म्हणतो आपण? ३४-११. ते दोन्ही कॅसेटना तेच आहे. चेन मोठ्या कॅसेटच्या मापाने कापली की ३४-११ ला जो झोळ सांभाळायचा, तो मिडियम सांभाळते, मग मागे २८ असो की ३४. धोका उलट्या बाजूने आहे. तुझी आत्ताची चेन २८ साठी कापलेली आहे. ३४ ला ती निदान तीन कड्या कमी पडते. नवं चाक लावून जुन्या चेनवर तू ५०-३४ टाकलंस तर हँगर गेलाच म्हणून समज.

भाची: मग नवी किती कड्यांची?

मामा: मोजून सांगत नाही, गुंडाळून बघायची. ५० वर आणि ३४ वर टाकायची, आरडीतून न ओवता. टोकं जिथे जुळतात त्याच्या पुढे एक आतली आणि एक बाहेरची कडी सोडायची, मग कापायची. कापल्यावर आरडीतून ओवून आधी मोठ्या-मोठ्यावर बघायचं, मग लहान-लहानवर. उद्या संध्याकाळी ये, तुझ्यासमोरच कापतो. आणि दोन्ही चाकं घेऊन ये.